परक्या फोनचे तीस दिवस

निपाणीच्या समाजमंदिरात दर रविवारी अकरा वाजता नागेंद्र मास्तरांचा वर्ग भरायचा. अंधांना मोबाइल वापरायला शिकवण्याचा वर्ग. मास्तर स्वतः जन्मांध. पोटापाण्याला बेळगावात एका सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसायचे, राहायला हिंडलग्याला, आणि रविवारी सकाळी पांढरी काठी घेऊन निपाणीची बस पकडायचे. नऊ वर्षांत चार-पाच रविवार चुकले असतील. या वर्गाची फी नव्हती, की कुणाची वर्गणी नव्हती. बटणं नसलेला काचेचा फोन आंधळ्या माणसाला नुसत्या कानानं चालवता येतो, हे या भागात पहिल्यांदा करून दाखवलं ते मास्तरांनी, आणि ते कुणी विसरलेलं त्यांना चालत नसे.

त्यांचा सगळा कारभार अँड्रॉइडवरचा. त्यातला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज, त्यांना इतका सरावाचा की तो एवढ्या वेगात लावलेला असायचा की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू यावी. आयफोनचं नाव निघालं की ते म्हणायचे, "ते शिरीमंतांचं खेळणं. आपल्यातल्या माणसाला त्याचा काय उपेग?"

आणि नेमका तोच फोन घेऊन मैत्रीनं बेळगावातच टिळकवाडीत आपला वेगळा वर्ग सुरू केला.

मैत्री निपाणीचीच. दहावीनंतर दोन वर्षं मास्तरांच्या हाताखाली शिकलेली, पुढं परीक्षा देऊन बँकेत अधिकारी झालेली. मास्तर तिचं नाव अभिमानानं सांगायचे. पण तिनं फोन बदलला, मग वर्ग काढला, मग मास्तरांचे तीन विद्यार्थी तिच्याकडं गेले. तेव्हापासून मास्तर तिचं नाव घेईनासे झाले. नुसतं "ती फितूर" म्हणायचे.

हे तिच्या कानावर जायचंच होतं. फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी ती आईवडिलांना भेटायला आलेली असताना सरळ वर्गातच आली. दारात तिच्या काठीचा आवाज आला, तसे मास्तर बोलता बोलता थांबले. ती काठी त्यांनीच तिला मागवून दिलेली होती.

"सर, मी मैत्री."

"कळलं. काय काम काढलंस?"

"तुम्ही मला फितूर म्हणता म्हणे."

वर्गात पंधरा माणसं होती. खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

"म्हणतो. खोटं हाय काय? गरिबाच्या पोरास्नी परवडत न्हाय असल्या फोनची चटक लावत्याईस."

"तो फोन तुम्ही कधी हातात धरलाय?"

"न धरताच ठाऊक हाय मला."

"म्हणजे नाही धरला." ती पुढं आली, टेबल चाचपलं आणि मास्तरांच्या पुढ्यात काहीतरी ठेवलं. "हा माझा जुना. आवाज चालू करून दिलाय. तुमचं सिम घाला आणि एक महिना वापरा. मोकळ्या मनानं, एवढीच माझी अट. पुढच्या महिन्यात शेवटच्या रविवारी मी इथं येते. तेव्हा यांच्या सगळ्यांसमोर काय ते सांगा. वाईट असेल तर वाईट म्हणा, मी ऐकून घेईन."

"महिना कशाला? आठ दिसांत चिंध्या करतो त्याच्या."

"तेच म्हणते मी. मोकळ्या मनानं," असं म्हणून ती निघून गेली.

एवढ्या माणसांसमोर फोन नाकारायची सोय राहिली नव्हती. मास्तरांनी तो पिशवीत टाकला. घरी आल्यावर बायकोनं, नीलमनं, त्यात सिम घालून दिलं आणि म्हणाली, "मोकळ्या मनानं वापरा म्हणाली न्हवं ती? तुमच्या तर मुठी आवळल्यात."

"तू गप बस."

पहिला आठवडा मास्तरांनी नुसता शत्रूच्या गावात हिंडावं तसा काढला. जुन्या फोनवर मागं जायचं तर बोट खाली ओढून डावीकडं वळवायचं. नऊ वर्षांची सवय, ती हाडात गेलेली. इथं तसं केलं की भलतंच काहीतरी उघडायचं. मागं जायला दोन बोटांनी काचेवर आडवीतिडवी घासाघीस करावी लागते, हे त्यांना तिसऱ्या दिवशी चुकून समजलं. आवाजही परका. मराठीच बोलणारा, पण ओळखीचा नाही. पाहुणीनं येऊन घरातली भांडी मांडावीत तसं त्यांना वाटायचं. प्रत्येक तक्रार ते आपल्या जुन्या फोनवर बोलून नोंदवून ठेवायचे. "तक्रार सातवी. नंबर लावताना आकडा सापडत न्हाय." "तक्रार बारावी. ह्या फोनला घाई लई." तक्रारी मोजताना त्यांना बरं वाटायचं.

कचेरीत सूरज नावाचा कारकून शेजारी बसायचा. तो म्हणाला, "मास्तर, कुणाला तरी विचारा की. त्या मॅडमलाच लावा फोन."

"तिला इचारू? माझ्या हाताखालची पोरगी ती. बोट धरून शिकवलंय मी तिला."

सहाव्या दिवशी मैत्रीचाच फोन आला. "काही अडलं का सर? तासभर दिलात तर मी सगळं..."

"अडलं काय न्हाय. फोनच आडवा हाय."

"दोन बोटं टेकवून फिरवून बघितलीत का? त्यानं..."

मास्तरांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे ठेवायचं बटण शोधेपर्यंत ती आणखी दोन वाक्यं बोलली, आणि ती त्यांना ऐकावी लागली. ही झाली सतरावी तक्रार.

पण जेवण झाल्यावर त्यांनी दोन बोटं काचेवर टेकवून फिरवली. जुन्या रेडिओचं बटण पिळावं तशी. फोन म्हणाला, "शब्द." आणखी पिळलं, "ओळी." आणखी पिळलं, "वेग." ज्या गोष्टी करायला ते एरवी चार ठिकाणी जायचे, त्या तिथंच बोटांखाली फिरत होत्या. मास्तर पाऊण तास ते पिळत बसले. लहानपणी खानापूरजवळच्या गावी आजोबांच्या रेडिओचं बटण त्यांनी असंच फिरवलं होतं. त्यांना ते आवडलं. त्याची नोंद मात्र त्यांनी केली नाही. फक्त तक्रारीच नोंदवायच्या होत्या.

तिसऱ्या रविवारी संकेश्वर सोडल्यावर बसमध्ये फोन मुका झाला. घंटी वाजायची, थरथर जाणवायची, पण वाचणारा आवाज नाही. मास्तरांनी बोटं ओढली, दाबली, पिळली. काही नाही. शेजारच्या प्रवाशानं फोन हातात घेतला आणि कानडीत म्हणाला, चालू तर दिसतोय. त्यानं साधं एकदा बोट लावून काही उघडायचा प्रयत्न केला, पण वाचणाऱ्या आवाजाच्या सोयीत दोनदा टिचकावं लागतं, तेव्हा फोन त्याचंही ऐकेना. मास्तरांचा जुना फोन सिमशिवाय घरी पडलेला. किती वाजले, कुठं आलो, कुणाचा फोन येऊन गेला, काही कळेना. वीस वर्षांपूर्वी जसे ते बसायचे, कुणाला तरी विचारत, कुणावर तरी विसंबून, तसे ते पुन्हा बसले होते. निपाणी येईपर्यंत ते मैत्रीला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

वर्गात शिरताच त्यांनी फोन टेबलावर आपटला. "मेलं! महिनाबी टिकलं न्हाय. ऐका सगळ्यांनी."

समोर पहिल्याच खुर्चीवर यल्लाप्पा बसायचा. त्रेसष्ट वर्षांचा, उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. साखरेच्या आजारानं दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. इचलकरंजीला दिलेल्या मुलीनं, मालूनं, त्याला फोन घेऊन दिला होता आणि तो शिकायला तो नऊ आठवडे येत होता. नऊ आठवड्यांत त्याला आलेला फोन उचलतासुद्धा आला नव्हता. मास्तरांची शिकवायची रीत ठरलेली: विद्यार्थ्याचं बोट आपल्या हातात धरायचं आणि काचेवर फिरवायचं. चुकलं की ब्रेलच्या पाटीची पट्टी बोटावर बसायची. जोरात नाही, पण बसायची. त्यांना शाळेत असंच शिकवलेलं होतं. यल्लाप्पाच्या बोटांवर ती इतकी बसली होती की तो फोन हातात घेतानाच आता कापायचा, आणि मास्तर त्याला वर्गासमोर म्हणायचे, "आप्पा, तुझ्या बोटास्नी काय वखारीची जळमटं लागल्यात काय?"

"मेलं म्हंजे कसं झालं मास्तर?" यल्लाप्पानं विचारलं. "बगू."

"घे. तू काय बगणार त्यात?"

यल्लाप्पानं फोन मांडीवर घेतला. तो तरुणपणी भजनात ढोलकी वाजवायचा, आणि हाताला काही सपाट लागलं की त्यावर टकटक करायची त्याची खोड होती. त्यानं तीन बोटांनी काचेवर दोनदा थाप दिली.

"आवाज चालू," फोन म्हणाला.

वर्गात कुणीतरी टाळी वाजवली. मास्तर खुर्चीवरून उठले. "काय केलंस?"

"काय न्हाय. टकटक केलो."

"किती बोटांनी?"

"तीन असतील. मोजून कोण वाजवतंय?"

"परत कर."

यल्लाप्पानं परत केलं. "आवाज बंद." परत केलं. "आवाज चालू." मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. बसमध्ये पिशवी सावरताना त्यांचीच तीन बोटं दोनदा काचेवर पडली असणार. नऊ वर्षांत पहिल्यांदा वर्गात एक गोष्ट अशी निघाली होती जी मास्तरांना येत नव्हती आणि यल्लाप्पाला येत होती.

"आणि चार बोटांनी काय हुतंय?" मागून भरमूनं विचारलं. भरमू आयटीआय केलेला, वर्गातला हुशार मुलगा.

"मला म्हाईत न्हाय," मास्तर म्हणाले. ते वाक्य त्या खोलीत त्यांनी पूर्वी उच्चारलं नव्हतं.

"करून बगू व्हय?" यल्लाप्पा म्हणाला.

मग तासभर तो फोन यल्लाप्पाच्या मांडीवरच राहिला. मास्तरांना त्याचं बोट धरता येईना, कारण धरून न्यायचं कुठं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. यल्लाप्पा काच चाचपायचा, फोन काहीतरी म्हणायचा, सगळे ऐकायचे. कुणी म्हणायचं खाली जा, कुणी म्हणायचं दोनदा मार. एकदा कॅमेरा उघडला आणि वर्गाचा फोटो निघाला, त्यावर सगळी आंधळी माणसं पोट धरून हसली. शेवटी आकड्यांची पाटी सापडली. यल्लाप्पाला मुलीचा नंबर पाठ होता. एकेक आकडा शोधत, दोनदा चुकून, खोडून, त्यानं तो लावला.

"कोन बोलतंय?" पलीकडून बाईचा आवाज आला.

"मालू, मी हाय. आप्पा. मी लावलाय फोन. माझ्या हातानं."

"कुणाच्या फोनवरनं? तुमचा कुटं हाय? कुटं पडलासा काय?"

"पडलो न्हाय गं! लावलाय मी! शिकालोय मी हितं!"

 पलीकडं मालू रडायला लागली, आणि यल्लाप्पा तिच्यावर ओरडला की रडतीस कशाला, पैसे उठत्यात. पैसे उठत नव्हते, पण त्याच्या डोक्यात जुना हिशेब होता.

वर्ग आनंदात होता. मास्तर मात्र मनात आठवडे मोजत होते. नऊ आठवडे आपल्या फोनवर जमलं नाही ते तिच्या फोनवर एका तासात. म्हणजे ती खरी आणि आपण खोटे. उद्या हे टिळकवाडीला पोचणार.

सगळे निघाले तेव्हा ते म्हणाले, "आप्पा, तू थांब. तुझा फोन काढ."

"आता?"

"आता. मुलीला लाव त्यावरनं. मी एक शब्द बोलत न्हाय. हातबी लावत न्हाय."

यल्लाप्पानं पिशवीतला हात बाहेर काढलाच नाही. "पट्टी?"

"न्हाय आज."

मास्तर खुर्चीवर बसून राहिले. यल्लाप्पा चुकला तेव्हा त्यांचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा त्यांनी तो मागं घेतला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर बराच वेळ सुरू होत नव्हता. पंचवीस मिनिटांनी मालूचा आवाज आला, "आता काय झालं वो आप्पा?"

मास्तर काठी घेऊन उठले आणि बसस्थानकाकडं निघाले. आता ही हार मैत्रीच्या फोनकडूनही नव्हती. त्यांनी नऊ आठवडे त्या म्हाताऱ्याला स्वतः शिकू दिलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि यल्लाप्पा काही पहिला नव्हता.

शेवटच्या रविवारी समाजमंदिर भरलं. मैत्री तिच्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन आली होती, आणि भरमूनं तिला सगळं आधीच सांगितलेलं होतं हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं.

"यल्लाप्पाकाका आमच्या फोनवर एका तासात शिकले म्हणे," ती म्हणाली. "आता सर काय सांगतात ते ऐकूया."

मास्तर उभे राहिले. "एकतीस तक्रारी नोंदवल्यात मी. परवा परत ऐकल्या. त्यातल्या एकोणीस माझ्या चुका हाईत. मला येत न्हवतं, म्हणून फोन वाईट. उरलेल्या बारा खऱ्या हाईत, त्या भरमूला दिल्यात, ज्यानं त्यानं ऐकाव्यात. चांगल्या गोष्टी मी नोंदवल्याच न्हाईत. त्याबी हाईत. ती दोन बोटं पिळायची सोय चांगली हाय. शिरीमंतांचं खेळणं म्हणालतो, ते मागं घेतो."

मैत्रीनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"पण आप्पा शिकला तो फोनमुळं न्हाय. त्याच दिवशी त्यानं आपल्या फोनवरनंबी लावला. मला येत न्हवतं म्हणून मी गप बसलो, म्हणून तो शिकला. दोष माझ्या शिकवण्यात हुता."

कुणीतरी खोकलं. मास्तरांना वाटलं, आता संपलं. पण मैत्री उठली होती.

"हे तुम्हाला आज कळलं?" तिचा आवाज बँकेतला नव्हता, निपाणीतला होता. "दोन वर्षं पट्टी खाल्ली मी तुमची. सोळा वर्षांची होते. घरी जाऊन बोटं पाण्यात घालून बसायची. आई म्हणायची, सर मोठं माणूस हायत, सोस. मी सोसलं. मग फोन बदलला. का बदलला माहिताय? तुमचा आवाज त्यात नव्हता म्हणून. त्या टॉकबॅकचा शब्द ऐकला की माझी बोटं आखडायची. आणि तुम्ही गावभर मला फितूर म्हणत हिंडलात."

मास्तर तिच्या आवाजाकडं तोंड करून उभे होते. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"मला नको ते."

इथं ते गप बसले असते तर बरं झालं असतं. पण एवढ्या लोकांसमोर नुसतं झोडपून घेणं त्यांच्यानं झालं नाही. "मग तुझंबी सांग की. तुझ्या वर्गात साधा फोन घेऊन आलं तर बसू देतीस? हनबरवट्टीचा एक पोरगा आलता तुझ्याकडं. आधी आयफोन घे, मग ये, म्हणालीस न्हवं त्याला?"

"मला तो फोन शिकवता येत नाही, म्हणून सांगितलं."

"शिकवता येत न्हाय, का शिकवायचा न्हाय?"

 तिच्याबरोबर आलेल्यांपैकी एकजण खुर्चीत हलला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"फोन द्या माझा," ती म्हणाली.

त्यांनी दिला. तिनं तो चाचपून कडा तपासल्या. "तुमचे नंबर काढलेत त्यातले?"

"काढले."

"चार्जर?"

मास्तरांनी पिशवी चाचपली. चार्जर हिंडलग्याला भिंतीतच राहिला होता. "इसरला."

"पोस्टानं पाठवा. घरी आणून देऊ नका."

ती तिच्या माणसांसह निघून गेली. यल्लाप्पा दारापर्यंत तिच्या मागं गेला, काहीतरी बोलायला, बहुधा आभार मानायला, पण ती थांबली नाही.

पुढच्या रविवारी भरमू आला नाही. तो टिळकवाडीला जायला लागला होता. आणखी एक बाईही गळाली. कारण कुणी सांगितलं नाही. यल्लाप्पा मात्र येत राहिला आणि दोन नव्या माणसांना घेऊन आला. मास्तर आता कमी बोलायचे. त्यानं वर्ग सुधारलाच असं नाही. काही रविवारी कुणालाच काही सापडायचं नाही आणि सगळे कंटाळून लवकर घरी जायचे. एकदोनदा मास्तरांचा तोल गेला, आणि यल्लाप्पा सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, बसा खाली." ते बसले.

चार्जर नीलमनं नीट बांधून रजिस्टर पोस्टानं बेळगावातल्या बेळगावातच पाठवला. पोस्टातला माणूस पत्ता वाचून म्हणाला, अहो, बसनं गेलात तर अर्ध्या तासात पोचाल. नीलमनं पावती घेतली.

तीन दिवसांनी मास्तरांच्या फोनवर मैत्रीचा आवाजी निरोप आला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो कानाला लावून ऐकला. चार सेकंदांचा होता. "चार्जर मिळाला." सर नाही, काही नाही.

त्यांनी तो परत एकदा ऐकला. सूरजनं डबा उघडता उघडता विचारलं, "कुणाचा?"

"बँकेतल्या बाईंचा," मास्तर म्हणाले, आणि उत्तर द्यायला अंगठा काचेवर टेकवून ठेवला. उचलला, परत टेकवला. तेवढ्यात समोरचा टेलिफोन वाजला आणि त्यांनी तो उचलला.